प्रगती-तक्ता आधी तपासा, मग रुग्णांना लावा: एका पुनर्वसन केंद्राच्या विश्वस्त मंडळास खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व विश्वस्त मंडळ
(केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही.)

स.न.वि.वि.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून केंद्रातल्या प्रत्येक निवासी रुग्णाचा ‘मासिक प्रगती-तक्ता’ भरायचा, असे परिपत्रक आपण काढले आहे. वीस मुद्दे, प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरीज १०० पैकी. ७५ च्या वर गेलेला रुग्ण ‘सुटीस पात्र’. ४० च्या खाली राहिलेला ‘उपचारांना प्रतिसाद नाही’. केंद्राची सरासरी वार्षिक अहवालात छापायची, देणगीदारांना पाठवायची आणि कर्मचाऱ्यांची वेतनवाढ ठरवताना वॉर्डाची सरासरी धरायची. तक्ता भरायला रुग्णामागे पाच मिनिटे.

हा तक्ता ‘नमुना’ म्हणून इतर केंद्रांकडेही जातो आहे, त्यामुळे पत्र फक्त आपल्या टेबलावर ठेवून भागणार नाही. ज्यांचे नातेवाईक अशा केंद्रांत राहतात आणि जे अशा केंद्रांना पैसे देतात, त्यांनीही ते वाचावे.

आम्ही याच केंद्रातले मानसोपचार समाजकार्यकर्ते, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि परिचारिका आहोत. तक्ता आम्हीच भरणार आणि त्याखाली सहीही आमचीच असणार. मोजमापाला आमचा विरोध नाही, हे आधीच सांगतो. केसपेपरवर महिनोन्‌महिने ‘स्थिर’, ‘बरे आहे’, ‘गोळ्या चालू ठेवा’ एवढेच लिहिले जाते. त्यातून रुग्ण पुढे सरकला की मागे, हे कोणालाच कळत नाही. मोजपट्टी हवीच, आणि म्हणूनच ती धड असायला हवी.

पहिली हरकत बेरजेला. वीस मुद्दे ओळीने वाचले तर त्यांत चार वेगळ्या गोष्टींची सरमिसळ दिसते. ‘भास होतात का’, ‘संशय घेतो का’ ही आजाराची लक्षणे. ‘कपडे धुतो’, ‘पैशांचा हिशेब ठेवतो’ ही रोजच्या जगण्यातली क्षमता. ‘गोळ्या न कुरकुरता घेतो’ हे उपचारांतले सहकार्य. आणि ‘शांत बसतो’, ‘सांगितलेले काम तक्रार न करता करतो’, ‘वाद घालत नाही’ ही तर निव्वळ वॉर्डाची सोय झाली. या चारही गोष्टी एका बेरजेत घातल्या की अर्थच उरत नाही. ज्याला दिवसभर आवाज ऐकू येतात पण जो कोपऱ्यात मुकाट बसून राहतो, त्याला या तक्त्यावर सहज ६५ गुण पडतील. ज्याचे भास थांबले आहेत, ज्याला घरी जायचे आहे आणि जो त्यासाठी रोज सिस्टरशी हुज्जत घालतो, त्याला त्याहून कमी. आमच्या मते प्रगती दुसऱ्याची झाली आहे.

यात औषधांचा भाग फार महत्त्वाचा आहे आणि तक्त्यात तो औषधालाही नाही. गोळ्यांच्या गुंगीने माणूस शांत होतो, कमी बोलतो, दुपारभर झोपतो. आपल्या तक्त्यात या प्रत्येकाला गुण आहेत. उलट हॅलोपेरिडॉलसारख्या, भास-भ्रमांवरच्या औषधाने अकॅथिसिया झाला, म्हणजे पायांत अशी तगमग की माणूस दोन मिनिटे एका जागी बसू शकत नाही, तर तक्ता त्याला ‘अस्वस्थ’ म्हणून गुण कापतो. ते कमी गुण पाहून डोस वाढवला तर तगमग आणखी वाढते. हात थरथरणे, चेहरा दगडासारखा होणे, चाल मंदावणे हे दुष्परिणाम बघण्यासाठी सिम्पसन-अँगस (१९७०) ही दहा मुद्द्यांची मोजपट्टी आहे. तोंडाच्या आणि जिभेच्या अनैच्छिक हालचालींसाठी एम्स (AIMS) ही मोजपट्टी आहे; त्या नावाच्या रुग्णालयाशी तिचा संबंध नाही. त्या वेगळ्या भराव्या लागतात. लक्षणांच्या बेरजेत त्या मिसळता येत नाहीत.

लक्षणांसाठी नवे काही शोधायची गरजच नाही. ओव्हरॉल आणि गोरहॅम यांची बीपीआरएस ही मानसिक लक्षणांची मोजपट्टी १९६२ पासून वापरात आहे; आजच्या नेहमीच्या रूपात १८ मुद्दे, प्रत्येकी १ ते ७. पॅन्स ही स्किझोफ्रेनियाच्या लक्षणांची मोजपट्टी १९८७ ची, ३० मुद्द्यांची. त्यांत ७ मुद्दे भास-भ्रमांच्या बाजूचे, ७ मुद्दे निरुत्साह, अलिप्तपणा यांसारखे आणि १६ सर्वसाधारण. नैराश्यासाठी हॅमिल्टन यांची १९६० ची १७ मुद्द्यांची, उन्मादासाठी यंग यांची १९७८ ची ११ मुद्द्यांची. जगण्यातल्या क्षमतेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ‘हूडास २.०’: १२ प्रश्न, मागचे ३० दिवस, सहा क्षेत्रे. समज आणि संवाद, हालचाल, स्वतःची काळजी, लोकांशी जुळवून घेणे, घरकाम-नोकरी आणि चारचौघांतला सहभाग.

लक्षणे आणि क्षमता वेगळ्या मोजण्याचा उपयोग काय, याचे उत्तर आपल्याच भागातून आलेले आहे. स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर सातारा, गोवा आणि तमिळनाडूत झालेली एक चाचणी २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापली. काही रुग्णांना फक्त नेहमीचे उपचार, इतरांना त्यासोबत प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांची घरी येऊन मदत. बारा महिन्यांनी पॅन्सवर दोन गटांत जो फरक दिसला, तो संख्याशास्त्राच्या कसोटीला ठामपणे उतरला नाही. क्षमतेच्या मोजपट्टीवरचा फरक लहान होता, पण ठाम होता. तिथे फक्त लक्षणे मोजली असती, तर त्या कार्यकर्त्यांची वर्षभराची मेहनत जवळपास अदृश्य झाली असती. आपल्या केंद्राचे कामही मुख्यतः त्याच जातीचे आहे. गोळ्या डॉक्टर लिहून देतात. आपण माणसाला पुन्हा उभे करतो. मग मोजायचे काय, हे वेगळे सांगायला नको.

त्या चाचणीतली क्षमतेची मोजपट्टी म्हणजे ‘आयडियास’, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे वापरतात तीच. परिपत्रकात तीही प्रगतीसाठी वापरावी, असा एक मोघम उल्लेख आहे. तिथे सावध राहायला हवे. तिच्यात चार क्षेत्रांना प्रत्येकी ० ते ४ गुण असतात. शिवाय मूळ पद्धतीत आजार किती वर्षे आहे याचे १ ते ४ गुण वर जोडले जातात आणि एकूण २० पैकी ७ झाले की ४० टक्के दिव्यांगत्व धरतात. आजाराची वर्षे वाढतच जातात, कमी होत नाहीत. म्हणजे माणूस सुधारला तरी बेरजेचा तो भाग हलणार नाही, कदाचित वाढेल. वापरायचीच असेल तर ती चार क्षेत्रे तेवढी घ्या. आणि हेही लक्षात ठेवा, की ज्या कागदावर पेन्शन आणि एसटीची सवलत अवलंबून आहे, त्याच कागदावर ‘सुधारला’ असे लिहून घ्यायला कोणते कुटुंब खुशीने तयार होईल?

दुसरी हरकत प्रश्नांच्या घडणीला. मुद्दा क्रमांक ४ घ्या: ‘स्वतःची स्वच्छता व टापटीप नीट राखतो: ० ते ५.’ यात आंघोळ, दात, कपडे, केस, नखे, खाटेवरची चादर, सगळे एकत्र. ‘नीट’ म्हणजे किती? ३ आणि ४ यांत फरक काय? कोणत्या काळाबद्दल विचारले आहे? भरणाऱ्याला जे वाटेल ते. शिवाय ज्या वॉर्डात मावशी सकाळी सगळ्यांना एकामागोमाग न्हाऊ घालतात, तिथे सगळेच स्वच्छ. जिथे पाणी एक दिवसाआड येते, तिथे सगळेच अस्वच्छ. दोन्ही ठिकाणी आपण रुग्ण मोजलाच नाही, व्यवस्था मोजली.

हाच मुद्दा असा लिहिता येतो: मागच्या सात दिवसांत, पाणी उपलब्ध असलेल्या दिवशी, आंघोळ कशी झाली? ० म्हणजे हाताला धरून, दुसऱ्याने घातल्याशिवाय एकदाही नाही. १ म्हणजे सोबत उभे राहून एकेक पायरी सांगावी लागली. २ म्हणजे बहुतेक दिवशी दोन-तीनदा आठवण करावी लागली. ३ म्हणजे एकदा सांगितले की पुरले. ४ म्हणजे न सांगता, स्वतःहून. पाणीच नव्हते किंवा अंगात ताप होता, तर ‘लागू नाही’. आता दोन वेगवेगळ्या सिस्टर एकच आकडा लिहितील अशी आशा धरता येते, आणि १ वरून ३ वर गेलेला माणूस कागदावर दिसतो. एवढा एक मुद्दा घडवायला तासभर लागतो. आपले वीसही मुद्दे एका दुपारच्या बैठकीत तयार झाले, असे इतिवृत्तच सांगते.

‘लागू नाही’ हा पर्याय तक्त्यात कुठेच नाही आणि त्याने भलताच अन्याय होतो. ‘पैशांचा हिशेब ठेवतो’, ‘बाजारहाट करतो’, ‘स्वयंपाकात मदत करतो’. केंद्राच्या नियमानुसार रुग्णांना हातात पैसे मिळत नाहीत, फाटकाबाहेर एकट्याने जाता येत नाही आणि स्वयंपाकघरात प्रवेश नाही. तिन्ही मुद्द्यांना सगळ्यांना शून्य. १५ गुण आमच्या फाटकानेच कापले.

दिवसभर येऊन जाणाऱ्या रुग्णांसाठी आपण पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली जोडली आहे. निवड वाईट नाही: नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७, वापरायला पैसे लागत नाहीत. विदर्भात आणि गोव्यात नैराश्यावर झालेल्या कामातही ती वापरली गेली आहे. पण आपण तिच्यात दोन फेरफार केले आहेत. मूळ प्रश्न मागच्या दोन आठवड्यांबद्दल आहेत. आपण ‘या महिन्यात’ केले. मूळ उत्तरे दिवसांवर आहेत: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. आपण ‘कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी’ असे केले. आणि खाली ५, १०, १५, २० या सीमारेषा मात्र मूळच्याच ठेवल्या. त्या सीमारेषा मूळ प्रश्नांच्या आहेत, आपल्या प्रश्नांच्या नाहीत.

तिच्या मूळ रूपातही एक अडचण आहे, ती प्रगती मोजताना जाणवते. झोप न लागणे आणि जास्त झोपणे एकाच प्रश्नात आहे. भूक मंदावणे आणि जास्त खाणेही एकाच प्रश्नात. रात्रभर टक्क जागा असणारा माणूस मिर्टाझापिन हे नैराश्यावरचे, झोप आणणारे औषध सुरू झाल्यावर दिवसाही झोपून राहू लागला, तर आधीही ३ आणि नंतरही ३. आकडा हलला नाही, माणसाची स्थिती मात्र पालटली. म्हणून या दोन प्रश्नांपुढे ‘कमी की जास्त’ एवढी खूण करायची जागा ठेवावी. गुणांना हात लावायचा नाही, फक्त खूण. एकाग्रतेच्या प्रश्नात वर्तमानपत्र आणि टीव्हीचे उदाहरण आहे. ज्या बाईला वाचता येत नाही आणि जिच्या घरी रिमोट दुसऱ्याच्या हातात असतो, तिला तांदूळ निवडताना किंवा पोथी ऐकताना मन लागते का, असे विचारावे लागते. पण हा बदलही कोणी परस्पर करू नये, त्याची रीत खाली दिली आहे.

आणि नववा प्रश्न. मरून गेलेले बरे किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार येतात का? आपल्या सूचनेप्रमाणे तक्ते महिनाअखेरीस गोळा होऊन कार्यालयात जातील आणि पुढच्या आठवड्यात संगणकात भरले जातील. या प्रश्नाला शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले, तर त्याच दिवशी, त्याच खोलीत, प्रशिक्षित माणसाने पुढचे प्रश्न विचारायला हवेत: विचार किती वेळा येतो, काही ठरवले आहे का, साधन हाताशी आहे का, घरी कोण आहे. ते करायची तयारी नसेल तर हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार नाही. ही एक गोष्ट बाकी कशासाठीही थांबू नये.

तिसरी हरकत: भरणार कोण? महिन्याच्या शेवटी, आठवणीवरून, पाच मिनिटांत, ज्याची ड्युटी असेल तो. दिवसपाळीच्या सिस्टरना रुग्ण जेवताना, टोपल्या विणताना दिसतो. रातपाळीच्या मामांना तो तीन वाजता व्हरांड्यात येरझारा घालताना दिसतो. दोघांचे आकडे वेगळे येणार आणि दोघेही खरे असणार. शिवाय जो रुग्ण गोड बोलतो, त्याला वीसच्या वीस मुद्द्यांत वरचे गुण पडतात, आणि ज्याने मागच्या आठवड्यात ताट भिरकावले त्याला सगळीकडे खालचे. हे दुष्टपणाने होत नाही. प्रशिक्षण नसलेला कोणीही असेच भरतो.

दोन माणसांचे आकडे जुळतात की नाही, हे तपासायची साधी पद्धत आहे. किमान ३० रुग्ण घ्या. एक जण मुलाखत घेईल, दुसरा शेजारी गप्प बसेल, दोघे एकमेकांना न दाखवता गुण देतील. मग वर्गांतर्गत सहसंबंध, म्हणजे दोघांचे गुण किती जुळतात हे सांगणारा आकडा (पूर्ण जुळले तर १), काढा, तो ०.७ च्या खाली आला तर मोजपट्टी अजून वापरण्याजोगी नाही. नुसती ‘किती टक्के जुळले’ ही टक्केवारी फसवी असते. वीसपैकी अठरा जणांना जो त्रास नाहीच, तिथे न बघता सगळीकडे ‘नाही’ लिहिणाराही ९० टक्के बरोबर ठरतो. म्हणून एकेका मुद्द्यासाठी योगायोगाने जुळण्याचा भाग वजा करणारा ‘भारित कप्पा’ हा आकडा काढतात. बेरजाही फसवतात: दोघांची बेरीज ६० आली आणि एकाने भासांना ५ व झोपेला ०, तर दुसऱ्याने नेमके उलटे दिले असेल, तर ते जुळणे नव्हे. ही तपासणी एकदा करून भागत नाही. तीन-चार महिन्यांत हात सैल पडतो आणि प्रत्येक जण आपापल्या मनाची मोजपट्टी वापरू लागतो. दर तिमाहीला चार-पाच रुग्ण सगळ्यांनी मिळून पुन्हा मोजायचे आणि जिथे फरक पडला तिथे बोलायचे, हाच त्यावर उपाय.

चौथी हरकत गणिताला, आणि हिच्यामुळेच तक्त्यावर सह्या करायला आम्ही कचरतो आहोत. ७५ हा आकडा आला कुठून? १०० पैकी ७५ म्हणजे विशेष प्राविण्य, हे दहावीच्या निकालातले गणित. घरी गेल्यावर टिकून राहिलेले आणि परत भरती झालेले रुग्ण यांचे आकडे बाजूबाजूला ठेवून सीमारेषा काढावी लागते. ते आपल्याकडे अजून नाहीत.

त्याहून मोठा प्रश्न असा: किती गुणांचा फरक हा खरा फरक मानायचा? प्रत्येक मोजपट्टीत चूक असते. समजा, रुग्णांच्या गुणांचे प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून किती विखुरलेले आहेत त्याचे माप, १२ आहे आणि दोनदा मोजल्यावरची विश्वसनीयता ०.८० आहे (न तपासलेल्या तक्त्याला हा आकडा आम्ही उदार मनाने देतो आहोत). मापनाची प्रमाण त्रुटी म्हणजे १२ गुणिले ०.२० चे वर्गमूळ, सुमारे ५.४. दोन मोजमापांतल्या फरकाची त्रुटी त्याच्या १.४१ पट, सुमारे ७.६. तिला १.९६ ने गुणले की १५. याचा अर्थ, १५ पेक्षा कमी फरक हा मोजपट्टीच्या डगमगण्यातूनही येऊ शकतो. ७१ वरून ८० वर गेलेल्याला आपण घरी पाठवणार आणि ७४ वर राहिलेल्याला ठेवून घेणार. या दोघांत फरक आहे असे म्हणायला या कागदावर काहीच आधार नाही. ही पद्धत जेकबसन आणि ट्रुआक्स यांनी १९९१ मध्ये मांडली. इंग्लंडमधल्या सरकारी समुपदेशन सेवेत पीएचक्यू-९ वर किमान ६ गुणांचा फरक पडल्याशिवाय ‘विश्वासार्ह सुधारणा’ धरत नाहीत, ते याच विचाराने.

टक्केवारीतही एक खोच आहे. पॅन्सचा प्रत्येक मुद्दा १ पासून सुरू होतो, ० पासून नाही. अजिबात लक्षण नसलेल्या माणसाचेही ३० गुण होतातच. ९० वरून ६० वर आलेला रुग्ण सरळ गणिताने ३३ टक्के सुधारला असे दिसते. आधी दोन्ही आकड्यांतून ३० वजा करा: ६० वरून ३०, म्हणजे ५० टक्के. भाजीवालाही टोपलीचे वजन आधी वजा करतो. बीपीआरएस १ ते ७ अशी भरली तर तिथे १८ वजा करावे लागतात.

सरासरीबद्दल थोडक्यात. ४० जणांनी वर्ष सुरू केले, त्यांतले ८ जण मध्येच निघून गेले, पळाले किंवा बिघडून रुग्णालयात हलवले, आणि उरलेल्या ३२ जणांची सरासरी आपण छापली, तर ती वाढलेलीच दिसणार. शिवाय रुग्ण केंद्रात येतो तोच मुळी सगळ्यांत वाईट अवस्थेत. काही न करताही पुढच्या मोजणीत तो थोडा वर दिसतो. गेलेल्यांचा शेवटचा आकडा आणि जाण्याचे कारण छापल्याशिवाय सरासरी छापू नये.

पाचवी हरकत कायद्याची. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये डिस्चार्जसाठी गुणांची अट कुठेही नाही. स्वतःहून दाखल झालेला रुग्ण जायचे म्हणाला, तर त्याला थांबवण्याच्या मर्यादा कायद्यानेच घालून दिल्या आहेत. निर्णयक्षमता त्या-त्या निर्णयापुरती तपासायची असते. कपडे किती टापटीप आहेत यावरून ती ठरत नाही. कलम १९ सांगते, की केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा समाजात राहण्याची सोय नाही म्हणून कोणालाही संस्थेत ठेवून घेता येणार नाही. ७४ गुण हे कारण त्यात बसत नाही. उलट ७६ गुण झाले म्हणून, पुढच्या गोळ्यांची आणि राहण्याची सोय न बघता कोणाला गाडीत बसवणे, हेही कायद्यातल्या डिस्चार्ज-नियोजनाशी जुळत नाही.

वेतनवाढीबद्दल एवढेच, की जो आकडा मी भरणार त्यावर माझा पगार ठरणार असेल, तर आकडा वाढेल. त्यासाठी कोणी खोटे बोलायचीही गरज नाही. ३ की ४ अशी शंका आली की हात आपोआप ४ कडे जाईल. आणि अवघड रुग्ण आपल्या वॉर्डात नको, असे प्रत्येकाला वाटू लागेल.

मग करायचे काय? क्रम असा असावा, असे आम्हाला वाटते. सुरुवात रुग्णांना विचारण्यापासून. सुधारणा म्हणजे त्यांच्या मते काय? पंधरा-वीस निवासी आणि तेवढेच नातेवाईक यांच्याशी बोलले, की जी उत्तरे येतात ती आपल्या वीस मुद्द्यांत नाहीत: एसटीने एकट्याने तालुक्याला जाऊन येणे, लग्नाचे आमंत्रण मिळणे, रेशनकार्डावर नाव परत चढणे, दिवसा झोप न येता हातातले काम पुरे होणे. मग तयार मोजपट्ट्यांपैकी या उत्तरांना कोणती जवळची, ते पाहायचे. परवान्याची चौकशी आधी करायची. पॅन्स फुकट वापरता येत नाही. मराठी रूप नसेल, तर दोन जणांनी स्वतंत्रपणे मराठी करायचे, दोन्ही समोर ठेवून एक करायचे, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते उलट इंग्रजीत न्यायचे आणि जाणकारांनी तिन्ही मसुदे ताडून पाहायचे. त्यानंतर आठ-दहा रुग्णांना एकेक प्रश्न वाचून दाखवून ‘तुम्हाला यात काय विचारले असे वाटले?’ असे विचारायचे. ही पायरी सगळे जण गाळतात आणि सगळ्या चुका नेमक्या तिथेच सापडतात. आपल्याकडे वऱ्हाडातले, कोकणातले, मराठवाड्यातले लोक आहेत. सगळ्यांना पुण्याचे मराठी कळेल असे धरू नका. वाचता न येणाऱ्यांसाठी प्रश्न तोंडी विचारायचा आणि उत्तरासाठी दिवस मोजायला कॅलेंडर पुढे ठेवायचे.

पुढे ३० जणांवर चाचणी. तीत एखाद्या मुद्द्यावर जवळजवळ सगळ्यांनाच पूर्ण गुण पडले, तर तो मुद्दा प्रगती दाखवू शकत नाही, काढा. संपूर्ण मोजपट्टीवरही १५ टक्क्यांहून अधिक रुग्ण टोकाच्या गुणांवर अडकले, तर ती या रुग्णांसाठी अपुरी आहे. मग मोठा गट: वीस मुद्द्यांना दीडशेच्या आसपास रुग्ण लागतात. आपल्या एकट्या केंद्रात तेवढे नाहीत, म्हणून ज्या केंद्रांना नमुना पाठवला त्यांना सोबत घ्या. आतली सुसंगती, म्हणजे मुद्दे एकमेकांशी किती मेळ खातात त्याचा आकडा, ०.७ च्या वर हवी, पण ०.९५ च्या वर गेली तर खूश होऊ नका, तोच प्रश्न चार वेगळ्या तऱ्हांनी विचारला गेला आहे. ज्यांच्यात काही बदल नाही त्यांना दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा, आकडा तोच यायला हवा. ज्यांच्यात बदल झाला आहे असे तक्ता न पाहिलेले डॉक्टर आणि रुग्ण स्वतः सांगतात, त्यांचा आकडा हलायला हवा. शेवटची कसोटी उतरली नाही, तर बाकी सगळे उतरूनही ती प्रगतीची मोजपट्टी नव्हे. या सगळ्याला नऊ महिने ते वर्ष लागेल.

आमच्या मागण्या:

१. सध्याचा तक्ता पहिल्या तारखेपासून लागू करू नये, आणि इतर केंद्रांना पाठवलेला नमुना लेखी पत्राने परत घ्यावा.

२. नवी मोजपट्टी तयार होईतोवर लक्षणांसाठी बीपीआरएस, क्षमतेसाठी १२ प्रश्नांची हूडास आणि दुष्परिणामांसाठी सिम्पसन-अँगस व एम्स, दाखल होताना आणि मग दर तीन महिन्यांनी, वेगवेगळ्या कागदांवर भरावे. बेरजा एकत्र करू नयेत. दर रुग्णामागे तासभर ड्युटीच्या वेळेतच मिळावा.

३. पीएचक्यू-९ चे शब्द आणि काळ मूळ रूपात परत आणावेत. नवव्या प्रश्नासाठी कोणाला बोलवायचे, त्याचे नाव आणि फोन प्रत्येक पाळीत भिंतीवर लावलेला असावा. हे उद्यापासून.

४. डिस्चार्ज आणि वेतनवाढ यांचा कोणत्याही गुणांशी संबंध ठेवू नये.

५. प्रत्येक मोजणीत रुग्णाचे स्वतःचे मत वेगळ्या रकान्यात, त्याच्या शब्दांत यावे, आणि भरलेला कागद त्याला वाचून दाखवावा.

६. मोजपट्टी-समितीत किमान दोन निवासी आणि दोन नातेवाईक पूर्ण सदस्य म्हणून असावेत. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी केंद्राने द्यावी.

७. अहवालात सरासरीसोबत मध्येच गेलेल्यांची संख्या व कारणे आणि किती रुग्णांत त्रुटीपलीकडचा बदल झाला, तेही छापावे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मागणीला नवा पैसा लागत नाही, त्यामुळे त्यांवरचा निर्णय येत्या बैठकीतच व्हावा. आंघोळ, जेवण, औषधे, पैसे आणि प्रवास या पाच मुद्द्यांचे सुधारित मसुदे, प्रत्येकाच्या ० ते ४ च्या व्याख्यांसह, आम्ही या पत्रासोबत कार्यालयात देत आहोत. त्यांत खोडाखोड करावी. बैठकीत आम्हाला अर्धा तास मिळाला, तर दोन सिस्टर एकाच मुलाखतीला आपल्या तक्त्यावर आणि सुधारित मसुद्यावर वेगवेगळे गुण देऊन दाखवतील. रुग्णाच्या जागी आमच्यापैकीच कोणीतरी बसेल.

कळावे,

आपले,
केंद्रातील समाजकार्य, चिकित्सा मानसशास्त्र, व्यवसायोपचार आणि परिचर्या विभागांतील कर्मचारी